तालुक्याहून लहान देश

ज्या घरात चोवीस फूट लांबीची वस्तू पडून आहे, त्या घरातल्या माणसांना गावात फार ताठ्याने वावरता येत नाही. आमच्या घरात अशा दोन वस्तू होत्या. शिवाय दहा फुटी चार, दोन फूट जमिनीत पुरायचे धरून. सगळं मिळून फुटबॉलचे दोन गोलपोस्ट, पांढरा ऑइलपेंट दिलेले, सुटे करून परसातल्या भिंतीलगत विटांवर ठेवलेले. माझे वडील विठ्ठलराव साळोखे उरवड्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी तिथल्या भंगारातले पाइप रीतसर पावती करून विकत घेतले आणि स्वतःच्या हाताने जोडले. गोलपोस्ट झाले, मैदान नव्हतं. आप्पांच्या मते तो पुढचा प्रश्न होता.

पाइप बाजारात वीस फुटी येतो आणि गोलची आडवी दांडी चोवीस फूट लागते. म्हणजे प्रत्येक दांडीला चार फुटांचा तुकडा जोडलेला. तो सांधा आप्पांनी आठवडाभर घासला होता. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते चहाच्या आधी परसात नेत आणि म्हणत, "सांधा कुटं हाय, दाखवा." पाहुणे हात फिरवत. कोणाला कधी सापडला नाही. चहा मात्र नेहमी गार झाला. सांधा कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण घासताना बॅटरी मी धरली होती.

आप्पा सप्टेंबरात गेले. तेराव्याचं जेवण उरकून लोक हात धुवायला परसात गेले, आणि हात पुसता पुसता त्या पाइपांचं काय करावं याबद्दल सल्ले सुरू झाले. शेजारच्या शुभांगीवहिनींनी दोडक्याचा मांडव सुचवला. दूध डेअरीचे सचिव वाल्मीकभाऊ म्हणाले, डेअरीपुढे पत्र्याची शेड होईल, आप्पांचं नाव देऊ. कोल्हापूरहून आलेल्या चुलत्यांना त्यात कार पार्किंग दिसलं. आमच्याकडे कार नाही, हे त्यांनी गौण मानलं. माणूस गेल्यावर उरलेल्यांना धीर कसा द्यावा हे आपल्याला फारसं सुचत नाही, पण पाइपांचं काय करावं हे लगेच सुचतं. मला वाटतं, धीर देण्याची तीच आपली रीत असावी.

माझी आई, नलिनी साळोखे, धुतलेल्या गोधड्यांची पाटी घेऊन आली. ती त्या दांड्यांवर गोधड्या वाळत घालत राहिली. "एका वेळी सहा वाळतात," एवढंच म्हणाली. "अशी दांडी पुण्यात मिळायची नाही."

आता थोडं कुरासावबद्दल सांगायला हवं. आप्पा कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल हा खेळ नसून गोत्र आहे. ते पेठेवरून ठरतं आणि मरेपर्यंत बदलत नाही. आप्पा तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. सत्तावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुळशीत आले आणि गाव सत्तावीस वर्षं त्यांना "कोल्हापूरकर" म्हणत राहिलं. गावाचं नाव मी सांगत नाही. उरवडे आणि नांदे यांच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. मुळशीत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि या हकिगतीतल्या एकाला पुढे निवडणूक लढवायची आहे.

विश्वचषक आला की लोक ब्राझील धरतात, अर्जेंटिना धरतात. आप्पा यादीतला सगळ्यात लहान देश धरत. या वेळी त्यांना कॅरिबियन समुद्रातलं कुरासाव सापडलं. लोकसंख्या एक लाख छप्पन्न हजार. आपला मुळशी तालुका दोन हजार अकराच्या जनगणनेत एक लाख एकाहत्तर हजार. त्यानंतर हिंजवडीपायी आलेले लोक त्यात धरलेलेच नाहीत. हे आकडे आप्पा रोज सकाळी डेअरीत सांगत. त्यांच्याकडे म्हैस नव्हती. अर्धा लिटर दूध विकत घ्यायला जात आणि तासभर थांबत.

"या वेळी अठ्ठेचाळीस संघ हायेत," ते सांगत. "अमेरिका, कॅनडा, मेक्सिको हे त्या भागातले दांडगे यजमान म्हणून आधीच आत गेल्यात. मग बारक्यांना दार उघडलंच की!"

बत्तीस संघांची स्पर्धा अठ्ठेचाळिसांची केली ती मतांसाठी आणि पैशांसाठी, असं मी कुठेसं वाचलं होतं. जागतिक संघटनेत म्हणे मोठ्या देशालाही एक मत आणि कुरासावलाही एकच. मी आप्पांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "यजमान कशापायी पंगत वाढवतोय ते त्याचं त्याला म्हाईत. कोपऱ्यातल्या पाहुण्याला पान मिळालं का न्हाई, ते बघ."

डेअरीत त्यांचे मुख्य विरोधक म्हणजे जयसिंगकाका. जयसिंगकाकांची बरीच जमीन विकली गेली आहे. उरलेल्यापैकी रस्त्याकडेच्या जागेत दोन इमारतींच्या बावीस खोल्या, त्यांत कंपन्यांमधली मुलं भाड्याने राहतात. आणि गावाबाहेर दोन एकर माळ. दोन म्हशी त्यांनी अजून ठेवल्या आहेत, त्या दुधासाठी नव्हे. सकाळी साडेसहाला डेअरीच्या रांगेत उभं राहण्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून. आमच्या गावात साडेसहाची डेअरी ही लोकसभा, विधानसभा आणि न्यायालय, तिन्ही एका ठिकाणी आहे.

गेल्या जूनमध्ये जयसिंगकाका आप्पांना म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या देशाचे खेळनारे तर समदे हॉलंडात जन्मलेले म्हनं. मंग देश कसला त्यांचा? समदे भायेरचे!"

"तुमच्या बावीस खोल्यांतली पोरं लातूर-परभणीत जन्मल्यात," आप्पा म्हणाले. "तालुक्याची माणसं मोजताना त्यांस्नी कुटं मोजायचं? लातुरात?"

डेअरी हसली. जयसिंगकाकांना दुसऱ्यावर हसलेलं आवडतं, स्वतःवर नाही. किटली खाली ठेवून ते म्हणाले, "हे बगा साहेब. तुमचा त्यो तालुक्यायेवढा देश जर वर्ल्ड कपला गेला, तर माज्या माळावर ठोका तुमचे गोलपोस्ट. समद्यांदेखत सांगतोय."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची फेरी सुरू झाली. कुरासावचा पहिला सामना आप्पांनी माझ्या मोबाइलवर पाहिला. शून्य-शून्य. मी म्हटलं, "एवढ्या पहाटे उठून काय मिळालं? काही घडलंच नाही." आप्पा म्हणाले, "शून्य-शून्य म्हंजे काय घडलं न्हाई असं नव्हं. गोलकीपर जागेवर हाय, असं." दुसरा सामना चार दिवसांनी होता. तो त्यांनी पाहिला नाही.

मी फुटबॉल बघत नाही. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते, म्हणजे जे कोणी वाचत नाही ते अचूक लिहिण्याचा पगार घेते. पण ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीत मी कुरासाव बघते आहे. जमैकाला हरवलं. त्रिनिदादशी बरोबरी. नोव्हेंबरात बर्म्युडावर सात गोल. मग उरला एकच सामना, जमैकाच्या मैदानावर. जमैकाला जिंकणं भाग होतं. कुरासावला बरोबरी पुरत होती. आपल्याकडची वेळ बुधवार, एकोणीस नोव्हेंबर, सकाळी साडेसहा.

त्याच आठवड्यात माळावर चुन्याच्या खुणा दिसल्या. कोणी बिल्डर मोजणी करून गेला होता. मी जयसिंगकाकांच्या ओट्यावर गेले आणि जूनमधल्या शब्दाची आठवण दिली.

"आगं पोरी, चेष्टंत बोललो आसंल," ते म्हणाले. "आन् गेलाय कुटं तुजा देश? जाऊ दे आदी. गेला तरी तू मोबाइलमधी दाखवशील. मोबाइलमधी आजकाल कुनी बी काय बी दाखवतंय. गावानं टीवीवर डोळ्यानं बगितलं पायजे, तर खरं."

"गावाने बघितलं तर शब्द पाळाल?"

"जयसिंग शब्द फिरवत न्हाई," जयसिंगकाका म्हणाले. नुकताच फिरवून झाला होता.

तर माझं काम एवढंच होतं: बुधवारी सकाळी साडेसहाला गावाला एक सामना मोठ्या पडद्यावर दाखवायचा. सामना एका ॲपवर दिसणार होता. पाच दिवस हातात होते. मला वाटलं, पुष्कळ झाले.

प्रथम मी ग्रामपंचायतीच्या सभागृहासाठी अर्ज केला. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या माणसाने अर्ज लिहू नये. छापील नमुन्यात "कार्यक्रमाचे स्वरूप" असा रकाना होता. इतरांनी त्यात "सांस्कृतिक" असं लिहून सभागृहात साखरपुडे उरकले आहेत. मी लिहिलं, "दोन परकीय राष्ट्रांमधील निर्णायक लढतीचे थेट प्रक्षेपण." ग्रामसेवकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, आचारसंहिता आहे."

"ती नगरपरिषदांची आहे. आपल्याकडे नगरपरिषद नाही."

"आपली जिल्हा परिषदेची लागायची आहे. लागली तर? त्यात हे परराष्ट्र. तालुक्याहून पत्र आणा."

तालुक्याच्या एका कार्यालयात मी अर्धा दिवस बसले. तिथल्या गृहस्थांनी अर्ज अतिशय आदराने वाचला आणि विचारलं, "यात आपला देश कुठे आहे?" मी म्हटलं, आपला देश यात नाही. "मग आम्ही हरकत नाही असं कसं म्हणणार? आपला देश असता तर ना हरकत देता आली असती." या युक्तिवादात खोट काय हे मी परतीच्या बसमध्ये शोधत राहिले. दोन फाटे गेले, तीन गावं गेली, सापडली नाही.

शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षा आहेत. देवळाचे विश्वस्त म्हणाले, देवापुढे परदेशी कसं चालेल? तिथला पंखा चिनी आहे हे सांगावंसं वाटलं. पण मी सुतकातून नुकतीच उठलेली बाई, वाद घालणं शोभलं नसतं. अशा वेळी माणसाला फार सभ्य राहावं लागतं. त्याने कामं होत नाहीत, एवढंच.

रविवारी संध्याकाळी कैलासशेठ घरी आले. कैलासशेठ जिल्हा परिषदेला इच्छुक आहेत. इच्छुक ही आमच्याकडे एक पूर्णवेळ अवस्था आहे. तिच्यात माणूस पांढरे कपडे घालतो आणि कोणाच्याही अडचणीला धावून जातो.

"ताई, तुम्ही वणवण करता नि आम्हाला कळवत नाही? आप्पा आमचे होते," ते म्हणाले. आप्पा त्यांचे असल्याचं मला नवीन होतं. "सभागृह कशाला? साडेसहाला गाव असतं कुठे? डेअरीत! वाल्मीक आपला माणूस. भिंत आहे, माणसं आहेत. आवाजाला आपली प्रचाराची गाडी. फक्त एक छोटा फ्लेक्स लावू."

डेअरीचं मला सुचलं नव्हतं याची लाज वाटली. मी फ्लेक्सला हो म्हटलं, आणि झेंड्याचं चित्र दिलं: निळं कापड, खाली एक पिवळा पट्टा, कोपऱ्यात दोन पांढऱ्या चांदण्या.

कैलासशेठांनी चित्र परत माझ्या हातात दिलं. "ताई, निळा नको. निळा टाकला तर एक गट विचारणार, आमच्याबरोबर कधीपासून? दुसरा विचारणार, आम्हाला सोडलं कधी? हिरव्याचा विषयच नाही. भगवा टाकला तर तीन पक्ष येतील, आमचा म्हणून. पिवळा मोकळा आहे."

इंद्रधनुष्यातला एकच रंग आमच्या तालुक्यात बिनविरोध उरला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी फ्लेक्स लागला. छोटा म्हणजे वीस बाय दहा. हळदीसारखा पिवळाधमक. "कुरासाव संघास विश्वचषक प्रवेशासाठी हार्दिक शुभेच्छा!" खाली कैलासशेठ हात जोडून, भोवती मित्रपरिवाराचे चौतीस चेहरे, आणि एका कोपऱ्यात "कै. विठ्ठलराव साळोखे यांच्या प्रेरणेतून", सोबत कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो. त्या चौतिसांपैकी वीस-बावीस जण आप्पांना डेअरीत हसलेले होते. आता सगळे एका रांगेत हसत होते, आप्पासुद्धा.

रस्त्याने जाणारे म्हातारे कुशाबा थांबले, फ्लेक्सला नमस्कार केला. "भंडाऱ्याचा देश हाय म्हन की," ते म्हणाले. "येळकोट करतेत का?"

"नसावेत, बाबा," मी म्हटलं, आणि पुढे गेले. यंत्राच्या तारांचे रंग बदलू नयेत, अन्यथा गंभीर अपघात संभवतो, हे वाक्य मी आठ वर्षं तांबड्या चौकटीत छापत आले आहे. तरीही पुढे गेले.

बुधवारी पहाटे साडेपाचला मी ऑफिसचा प्रोजेक्टर घेऊन डेअरीत हजर झाले. पूर्वेच्या शटरमधून उजेड येणार म्हणून कडब्यावर टाकायची ताडपत्री बांधली. तिला कडब्याचा आणि उंदरांचा वास होता. सहाला दूध थंड करायचा कूलर सुरू झाला आणि प्रोजेक्टर बंद पडला. कूलर बंद केला, प्रोजेक्टर सुरू झाला.

"ताई," वाल्मीकभाऊ कळवळून म्हणाले, "आप्पांबद्दल मला लई आदर हाय. पर दूध नासलं तर गाव मला नासवंल."

शेवटी प्रोजेक्टर प्रचाराच्या गाडीच्या जनरेटरवर घेतला. जनरेटर दर दहा मिनिटांनी आचके देई. मी त्याच्याजवळ, डेअरीच्या बाहेर, गुडघ्यांवर बसून त्याच्या इंधनाचा दांडा दाबून धरला, कारण ड्रायव्हर म्हणाला, "दाबून धरलं की चालतोय." अशा प्रकारे पूर्वार्धाचा अर्ध्याहून अधिक वेळ मी एका डिझेल यंत्राला धरून काढली. आतून गावाचा आवाज येत होता. सत्तर-एक माणसं असावीत. "आपला, आपला! घे पुढं!" असा गजर चालला होता. मला भरून आलं. आप्पांनी हे ऐकायला हवं होतं, असं वाटलं.

दांडा ड्रायव्हरच्या हातात देऊन मी आत डोकावले. पिवळे कपडे घातलेला एक खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाला होता आणि डेअरी त्याला डोक्यावर घेत होती. पिवळे म्हणजे जमैका. कुरासाव निळ्यात होतं. सगळं गाव फ्लेक्सचा रंग बघून, मनापासून, चुकीच्या देशासाठी ओरडत होतं.

एक माणूस सोडून. पहिल्या खुर्चीत जयसिंगकाका बसले होते. कुरासाव हरावं म्हणून ते, त्यांच्या समजुतीने, पिवळ्यांच्या विरोधात होते. गावाशी एकटे झुंजत होते. दोन्ही हात वर करून, घसा फोडून ते ओरडत होते, "आडवा रं त्याला! शाबास निळ्या! ह्यो गोलकीपर मानूस न्हाई, भित्ताड हाय भित्ताड!"

आता हे गावाला सांगणं माझं कर्तव्य होतं. सांगितलं की जयसिंगकाका पलटी खाणार हेही दिसत होतं. मी सत्य सांगायचं ठरवलं, पण मध्यंतरात, चहाबरोबर.

चहा फिरला आणि मी प्रचाराच्या गाडीचा माइक हातात घेतला. "एक दुरुस्ती आहे. कुरासावचा संघ निळा आहे. पिवळा जमैकाचा."

फॅट मोजायच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"मंग भंडारा?" कुशाबांनी विचारलं.

"भंडारा जमैकाचा, बाबा."

चौतीस चेहऱ्यांपैकी हजर असलेले सगळे कैलासशेठांकडे वळले. कैलासशेठ मोबाइलमध्ये पाहू लागले. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं.

"आरं तिच्या! जयसिंगराव, तुमी मगापास्नं कुनाला वरडताय?"

डेअरी जी हसली, ती कॅन हलेपर्यंत. "खोल्या भाड्यानं देता देता आवाज बी भाड्यानं दिला का काय!" वाल्मीकभाऊ म्हणाले.

जयसिंगकाका उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता किटली उचलून जाणार, आणि माळही जाणार. ते पडद्याकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"गप बसा," ते म्हणाले. "पाऊन तास नरडं सुकलंय माजं त्या निळ्यांपायी. त्यो गोलकीपर वळकीचा झालाय. आता मधीच पार्टी बदलू? मी काय इच्छुक हाय?"

यावर हसायला कैलासशेठांनाही भाग पडलं.

कुशाबांना मात्र दुसरीच शंका होती. "पोरी, तालमीला वस्ताद आसतो. ह्यांचा वस्ताद कुटं दिसंना?"

"घरच्या अडचणीमुळे मायदेशी गेलाय, बाबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. संघ त्यानेच बांधला."

"मंग आज बगायला न्हाई त्यो?"

"बघत असेल कुठूनतरी," मी म्हटलं, आणि जनरेटरमध्ये डिझेल किती उरलंय ते पाहायला बाहेर गेले.

उत्तरार्धात आई आली. डोक्यावर पदर, हातात दुधाचं भांडं, जणू अर्धा लिटर न्यायलाच आली आहे. ती दाराशी उभी राहिली, आणि त्याच क्षणी जमैकाच्या एकाने असा फटका मारला की गोलकीपर जागच्या जागी राहिला. चेंडू दांडीवर आदळून बाहेर गेला.

"वाचलं!" जयसिंगकाकांनी छाती धरली. "पाइप भक्कम हाय!"

पुन्हा एकदा तसंच झालं. आणि मग तिसऱ्यांदा. तीन वेळा चेंडू गोलपोस्टला लागून परत आला. गावाने आयुष्यात प्रथमच गोलपोस्टचा जयजयकार केला. आई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "सांधा चांगला घातला असणार."

नव्वद मिनिटं झाली. जादा वेळेत जमैकाचा एक खेळाडू कुरासावच्या गोलसमोर पडला आणि पंचाने बोट दाखवलं. पेनल्टी. एक गोल, आणि सगळं संपणार होतं. डेअरी गार पडली. कूलरची गरज नव्हती. मी माळाचा विचार केला, चुन्याच्या खुणांचा, शुभांगीवहिनींच्या दोडक्याचा.

जयसिंगकाका खुर्चीवर चढले. अक्षरशः, पायांनी. "आरं ए शिट्टीवाल्या! म्हशीनं लाथ मारली तरी मानूस एवढं लांब पडत न्हाई! डोळं हायेत का बटणं?"

पंच मैदानाच्या कडेला निघाला.

"आता ह्यो कुटं चालला?" वाल्मीकभाऊंनी विचारलं.

"टीव्ही बघायला," मी म्हटलं. "खरंच पाडलं का, ते स्वतः बघून ठरवणार."

"बराबर हाय!" जयसिंगकाका खुर्चीवरून गरजले. "टीवीवर डोळ्यानं बगितलं पायजे, तर खरं! माजं पैल्यापास्नं ह्येच म्हननं हाय!"

पंच बघत राहिला. सत्तर माणसं त्याला बघत राहिली. मग तो वळला आणि हात हलवले. पेनल्टी रद्द.

पुढची मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत, कारण जयसिंगकाकांच्या किटलीला कोणाचा तरी पाय लागला आणि सहा लिटर म्हशीचं दूध डेअरीच्या फरशीवर पसरलं. कोणी खाली पाहिलं नाही. शिट्टी वाजली. निळे खेळाडू जमिनीवर पडले, रडले, एकमेकांच्या अंगावर पडले.

"मंग जिंकलं कोन?" कुशाबांनी विचारलं.

"कोणीच नाही. शून्य-शून्य."

"आन् वर्ल्ड कपला जातंय कोन?"

"आपण," मी म्हटलं. मला कुरासाव म्हणायचं होतं.

"एक बी गोल न मारता? समदी सकाळ गेली, आन् काय घडलंच न्हाई?"

तेव्हा आई बोलली. पदर सावरून, डेअरीत सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, स्पष्ट आवाजात बोलली. "घडलं नाही असं नाही, कुशाबा. गोलकीपर जागेवर होता."

जयसिंगकाका खुर्चीवरून उतरले. आता आपला जूनमधला शब्द त्यांच्या ध्यानात आला होता. दुधात उभे राहून ते शटरबाहेरच्या फ्लेक्सकडे बघत होते, त्या कोपऱ्यातल्या ओळखपत्राच्या फोटोकडे. ते म्हणाले, "च्यायला, साहेब. मलाच वरडाय लावलंत व्हय!" मग मागे वळून म्हणाले, "वाल्मीक, ट्रॅक्टर काढ."

आमच्या परसातून चोवीस फुटी दांड्या ट्रॉलीत चढल्या, पण डेअरीच्या वळणावर अडकल्या. पुढे जायला एकच मार्ग होता: फ्लेक्स काढणं. कैलासशेठांनी एक खोल श्वास घेतला आणि स्वतः दोऱ्या सोडल्या. फोटोग्राफर हजर होता, त्यामुळे त्यांचं फारसं नुकसान झालं नाही. आप्पांचा कोपरा आईने कापून मागितला. बाकीच्या पिवळ्याचं कुशाबांनी गोठ्याला छप्पर केलं.

माळावर खड्डे खणत असताना ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले. "परवानगी आहे का? नाही, म्हणजे बांधकाम कोणाचं आहे हे?"

"जागा माजी," जयसिंगकाका कुदळ टेकवून म्हणाले. "गोलपोस्ट साळोखेसाहेबांचे."

"कोण, ते कोल्हापूरकर?"

"कोल्हापूरकर काय कोल्हापूरकर?" जयसिंगकाका भडकले. "साळोखे आमच्या गावचे! लिवा तुमच्या कागदावर."

मला एका बोल्टचा आटा नीट बसलाय का ते बारकाईने पाहावं लागलं. तो नीट बसला होता. तरी मी बराच वेळ पाहिला.

बिल्डरला जयसिंगकाकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तुज्या नकाशात तू बगिच्याचा हिरवा चौकोन काढतोस नव्हं? त्यो हितं काढ. आन् गवत बारीक ठेव." बिल्डरने काढला. पुढे काय होईल सांगता येत नाही, मुळशीतला माळ आहे. पण सध्या चौकोन आहे, आणि त्यात रोज सकाळ-संध्याकाळ बावीस खोल्यांतली लातूर-परभणी आणि गावातली पोरं एकमेकांना शिव्या देत खेळतात. आईची वाळवणाची दांडी गेली म्हणून जयसिंगकाकांनी तिला सामना नसेल त्या दुपारी गोधड्या घालायची तोंडी परवानगी दिली आहे. ही आमच्या गावातली एकमेव परवानगी, जिच्यासाठी अर्ज लागला नाही.

गेल्या रविवारी मी माळावर गेले. जयसिंगकाकांनी कोणा पाहुण्यांना गोलपोस्ट दाखवायला आणलं होतं. दांडी आठ फुटांवर, म्हणून शेजारी दुधाचा रिकामा कॅन पालथा घातलेला. पाहुणे त्यावर उभे राहून हात फिरवत होते.

"सांधा कुटं हाय, दाखवा," जयसिंगकाका म्हणत होते. "न्हाई सापडायचा. आमच्या साहेबांचं काम हाय." मग त्यांना मी दिसले. "ये गं ज्ञानदा. तू बग बरं."

मी कॅनवर चढले. उजव्या टोकापासून चार फुटांवर बोट ठेवलं, क्षणभर तिथेच थांबले, आणि मग हात शेवटपर्यंत फिरवत नेला.

"नाही सापडत, काका," मी म्हटलं.